गुळव्याचा हात

माझ्या बाळांनो,

तुम्ही दोघं लहान असताना सुट्टीत इकडं यायचात, तेव्हा रोज दिवेलागणीला मी तुम्हाला हात पुढं करायला लावायची. आधी तळवे, मग हात उलटे करून, मग पाय. तुम्हाला वाटायचं आजी नखं बघते. धाकटीनं एकदा विचारलंही होतं, "नखं कालच कापलीस की, मग आज काय बघतेस?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर आता लिहिते आहे. आताच का, तेही सांगते. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मला तपासणीच्या टेबलावर निजवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "कापूस लागला की सांगा, आजी." मी डोळे मिटून पडून राहिले. बराच वेळ गेल्यावर म्हटलं, "करा ना सुरू." ते म्हणाले, "झालं करून." मधुमेहानं माझ्या दोन्ही पायांतली जाणीव घोट्यापर्यंत गेली आहे. त्याच आठवड्यात थोरल्याचा फोन आला होता, की शाळेत मज्जासंस्था शिकवताहेत आणि आजी, तू हेच शिकवायचीस ना? मी त्याला आकृती काढून पाठवली, बाण दाखवून, नावं घालून. आकृती बरोबर आहे. पण ती काढताना मला जे आठवत होतं ते आकृतीत घालता येत नाही. तुमच्या आईलाही मी ते अर्धंच सांगितलेलं आहे. ती हे तुम्हाला वाचून दाखवील, म्हणजे उरलेलं अर्धं तिलाही कळेल.

माझे वडील गुळव्या होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. आमचं गाव कृष्णेच्या काठी, सांगलीपासून एस.टी.नं दीड तासावर. साखर कारखाने झाले होते तरी बरेच शेतकरी निम्मा ऊस गुऱ्हाळाला घालत. गुऱ्हाळात उसाचा रस एका मोठ्या पसरट लोखंडी कढईत आटवतात. तिला काहील म्हणतात. खाली चुलवण, म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी, आणि तिच्यात सतत पिळून वाळवलेल्या उसाची चिपाडं टाकणारा एक माणूस. रस उकळतो, त्यावरची मळी काढतात, तो घट्ट होत जातो, आणि एका क्षणी काहील चुलीवरून उतरवावी लागते. तो क्षण ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. थोडं लवकर उतरवलं तर ढेप धरत नाही, पावसाळ्यात पाझरते. थोडा उशीर झाला तर गूळ काळा पडतो, करपतो. अख्ख्या वर्षाचा ऊस त्या एका माणसाच्या शब्दावर असायचा.

अण्णा तो क्षण बोटांनी ओळखत. शेजारी गार पाण्याचा डबा असे. बोटं पाण्यात बुडवायची, झटकन उकळत्या पाकातून थोडा पाक उचलायचा, परत पाण्यात न्यायचा आणि अंगठा आणि पहिल्या बोटात त्याची गोळी वळायची. ती गोळी बोटाला काय सांगते त्यावर सगळं. लहानपणी मी विचारलं होतं, की नुसतं बघून कळत नाही का? अण्णा म्हणाले, "डोळ्याला फसवता येतं, बाय. बोटाला न्हाई."

अण्णांना वाचता येत नव्हतं. मी सातवी झाल्यावर त्यांनी मला साताऱ्याला मावशीकडं ठेवलं, तिथून मी मॅट्रिक झाले, पुढं सांगलीला प्राणिशास्त्र घेऊन इंग्रजीतून पदवी घेतली आणि त्याच शहरात एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवायला लागले. गावात मला सगळे म्याडम म्हणत, अर्धं कौतुकानं आणि अर्धं चिडवायला.

मी मुलांना बेडकाचा प्रयोग दाखवत असे. नुकताच मारलेला बेडूक घ्यायचा, मांडीतला पांढरा जाड मज्जातंतू काचेच्या सुईनं हलकेच मोकळा करायचा, मिठाच्या पाण्यात ओला ठेवायचा आणि त्याला बॅटरीच्या तारांची टोकं लावायची. पोटरी आखडायची. वर्गातल्या मुली दर वर्षी किंचाळायच्या. मग मी सांगायची, की मज्जातंतूतली वीज तारेतल्या विजेसारखी वाहत नाही. चेतापेशीच्या पातळ पडद्याबाहेर सोडियम जास्त असतं, आत पोटॅशियम जास्त, त्यामुळं आत आणि बाहेर विजेचा बारीकसा फरक कायम राखलेला असतो. एका जागी धक्का बसला की तिथली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि तेवढ्या जागेचा फरक क्षणभर उलटतो. त्यानं शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. मागची तोवर मिटलेली असतात, म्हणून निरोप उलटा फिरत नाही.

खेड्यांतून आलेल्या मुलांना हे पटकन समजत नसे. त्यांना मी ट्रकमध्ये गुळाच्या ढेपा भरतानाचं सांगत असे. माणसं ओळीनं उभी राहतात, आपापल्या जागेवरून कुणी हलत नाही, ढेप मात्र या हातातून त्या हातात जात ट्रकपर्यंत पोचते. लगेच पुढं हेही सांगायची, की दाखला इथपर्यंतच खरा आहे. ढेप तीच असते. मज्जातंतूत मात्र प्रत्येक जागा आपला निरोप नव्यानं तयार करते. मधला एक जण उठून गेला की पुढच्याला काहीच कळत नाही, आणि आपल्याला काही कळलेलं नाही हेही त्याला कळत नाही.

हे वाक्य मी किती वर्गांना सांगितलं असेल!

दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. गुऱ्हाळं पुन्हा नीट पेटली होती. नाताळच्या सुट्टीत मी गावी गेले आणि दुपारी आईनं दिलेली भाकरी घेऊन गुऱ्हाळावर पोचले. काहील रटरटत होती. अण्णांनी पाण्याच्या डब्याकडं न बघता सरळ पाकात बोटं घातली, पाक उचलला आणि सावकाश गोळी वळली. चुलवणाशी बसलेला माणूस ओरडला, "आवं अण्णा, पाणी तरी लावा की बोटाला! म्हातारी मलम लावून दमंल."

"पाणी तुमच्यासारक्या नव्या नवऱ्यांना," अण्णा म्हणाले. "आमचा हात मुरलाय."

सगळे हसले. मीही हसले. गुळव्याचा हात मुरतो ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती. लोणचं मुरावं तसा वर्षानुवर्षं चटके खाऊन हात मुरतो, मग त्याला काही भाजत नाही, आणि असा हात झाला म्हणजे गुळव्या पुरा झाला. म्हातारे गुळवे एकमेकांचे हात बघून मान डोलवत. अण्णांचा हात आता तसा झाला, याचा गावाला अभिमान होता. त्या दिवशी संध्याकाळी आई त्यांच्या अंगठ्यावरच्या फोडाला खोबरेल लावत होती. फोड कधी आला ते अण्णांना माहीत नव्हतं.

सुट्टी संपल्यावर मी ही गोष्ट वर्गात सांगितली. माझे वडील उकळत्या पाकात बोटं घालतात. मुलांनी आ वासला. मग मी फळ्यावर कारणही लिहून दिलं, की कातडी टाचेसारखी जाड होते, उष्णता आतल्या टोकांपर्यंत पोचत नाही आणि निरोप सुरूच होत नाही. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. जाड कातडीवर फोड उठत नाही असा, हे त्या वेळी माझ्या मनात आलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी घरी होते तेव्हा एक बागायतदार दारात आला. त्यानं आणलेली ढेप फडक्यात होती आणि फडकं ओलं झालं होतं. "अण्णा, ही ढेप न्हवं," तो म्हणाला. "फडक्यात बांदल्याली काकवी हाय."

अण्णा म्हणाले, "उसाला पाणी लय दिलंस. आदी आपलं रान बघ."

"रान तेच हाय, गड्या. गुळव्याबी तोच हाय. मग गूळ का असला?"

अण्णा उठून आत गेले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा उसाला दोष देताना ऐकलं. एरवी ते म्हणत, ऊस कसला का असंना, गूळ गुळव्याचा.

जानेवारीच्या शेवटी आमच्या कॉलेजात कुष्ठरोगाच्या तपासणीचा एक कार्यकर्ता आला. सायकलवरून आला होता. पिशवीत कापूस, टाचण्या आणि काचेच्या दोन नळ्या, एकीत ऊन पाणी भरायचं आणि एकीत गार. त्या वेळी लोक या आजाराला महारोग म्हणत, तेही आवाज खाली आणून. प्राचार्यांनी मला सांगितलं, की आधी तुम्ही मुलांना मज्जातंतू समजावून द्या. मी दिला. ढेपांच्या ओळीसकट.

मग तो कार्यकर्ता बोलू लागला. कोपर वाकवा म्हणाला, आतल्या बाजूच्या खाचेत बोट फिरवा, जिथं आपटलं की करंगळीपर्यंत मुंग्या जातात तिथं. एक मऊ दोरी हाताला लागेल. ज्याची जाड लागेल त्यानं घाबरू नये, मला येऊन सांगावं. या रोगाचे जंतू मज्जातंतूच्या वेष्टणात घर करतात. त्यांना शरीराचे गार भाग मानवतात, म्हणून कातडीजवळच्या नसा आधी जातात. "पहिल्यांदा ऊन-गार कळेनासं होतं," तो म्हणाला, "मग स्पर्श, मग दुखणं. चटका बसतो आणि माणसाला पत्ता नसतो."

मी तेव्हा फळा पुसत होते. पुसायची थांबले नाही. सगळा फळा पुसून झाला तरी पुसत राहिले.

शनिवारी मी गावी गेले. अण्णा ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, हात द्या बघू." त्यांना वाटलं, फोड बघायचाय. मी कोपराच्या खाचेत बोट घातलं. माझी स्वतःची नस शोधावी लागत होती. त्यांची शोधावी लागली नाही. भिजलेल्या सुतळीएवढी जाड होती. दंडाच्या खालच्या बाजूला एक फिकट डाग होता. "त्ये शिबं हाय," अण्णा म्हणाले, "लय दिसाचं हाय."

मी आईच्या वातींतला कापूस घेतला. "डोळे मिटा. लागलं की सांगा." मी डाव्या हातावर कापूस टेकवला. "लागलं." उजव्या हाताच्या करंगळीला टेकवला. काही नाही. पहिलं बोट. काही नाही. मग मी कापूस उचलून नुसतीच बसले, कारण पुढं जायचं मला धाडस होत नव्हतं. अण्णा डोळे मिटूनच होते. थोडं थांबून ते म्हणाले, "लागलं."

कापूस माझ्या मांडीवर होता.

आई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिनं ते नाव घेतलं नाही, शेवटपर्यंत कधी घेतलं नाही. ती "त्ये" म्हणायची. "त्ये हाय का?" मी मानेनंच हो म्हटलं. ती म्हणाली, "वैशाखात तुजं लगीन हाय."

माझं लग्न साताऱ्याला ठरलेलं होतं. तुमच्या आजोबांशी. सुपाऱ्या फुटल्या होत्या. त्या काळी हा आजार घरात आहे एवढं कळलं असतं तरी लग्न मोडलं असतं, माझंच नव्हे तर चुलत बहिणींचीही मोडली असती. आणि अण्णांना एकाही गुऱ्हाळानं पाऊल टाकू दिलं नसतं.

अण्णांनी मला समजावून सांगायला लावलं. मी ट्रकच्या ओळीचं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे हात चांगला हाय. निरोप न्हाई पोचत."

"हो."

"आनि त्यो मधला गडी परत उभा ऱ्हातो का?"

"औषधानं रोग थांबतो. गेलेली नस येईलच असं नाही."

ते बराच वेळ आपला हात उलटापालटा करून बघत होते. मग त्यांनी मला विचारलं. आईला नाही, मला. "तू शिकल्याली हाईस. किती दिस थांबता यील?"

त्या कार्यकर्त्यानं आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, की एक दिवसही थांबू नका, नस जिवंत असतानाच औषध हवं. ते वाक्य माझ्या वहीत लिहिलेलं होतं आणि वही माझ्या पिशवीत होती. मी म्हणाले, "लग्न होईपर्यंत चालेल."

अण्णांनी मान डोलवली. "मग झालं," ते म्हणाले. त्यांनी माझ्या शिक्षणाला प्रश्न विचारला होता आणि माझ्या शिक्षणानं उत्तर दिलं होतं. आईनं चहा टाकला.

राहिलेला हंगाम पार पडायला हवा होता. आणखी दोन-तीन काहिली बिघडल्या असत्या तर लोक विचारायला लागले असते. म्हणून मी दर शनिवारी येऊ लागले आणि शनिवार-रविवार अण्णांबरोबर काहिलीजवळ उभी राहू लागले. मोठी आदणं, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या खेपा, अण्णांनी त्या दोन दिवसांवर ढकलली, पंचांगातला काहीबाही दिवस सांगून. बाईमाणसानं काहिलीजवळ उभं राहू नये असा नियम नव्हता, पण कुणी राहत नसे. अण्णा सगळ्यांना सांगत, "पोरगी आता जानार सासरला. हुन्नर तरी शिकून जाऊ दे."

"सासरी गुऱ्हाळ घालनार का म्याडम?" चुलवणाजवळचा माणूस म्हणे. "मग आमालाबी न्या चिपाडं टाकाया. साताऱ्यात थंडी लय."

मी पाण्यात बोटं बुडवून पाक उचले. पहिल्यांदा इतकं भाजलं, की डोळ्यांत पाणी आलं. अण्णा माझ्या अगदी जवळ उभे राहून, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही असं विचारत, "कसं लागतंय?"

"चिकट."

"कसं चिकट? डिंकावानी का शेंबडावानी?"

ते चुलवणापर्यंत ऐकू गेलंच. "म्हातारा म्याडमला शेंबूड इचारतोय रं!" हास्याचा गडगडाट झाला. मी खाली मान घालून म्हणाले, "डिंकासारखं. तार निघते."

"थांब. आता घे." आणि परत, "आता घे." चौथ्यांदा मी गोळी वळली तेव्हा ती बोटांना चिकटली नाही. "अण्णा, ओल्या मेणासारखं लागतंय. दाबलं की परत वर येतंय."

"वर येतंय? नीट बघ."

"येतंय."

"उतरवा!" अण्णा ओरडले, आणि आठ माणसांनी काहील उचलली.

तो गूळ चांगला झाला. पिवळा, रवाळ. बागायतदारानं घरी येऊन ढेप ठेवली. त्या दोन महिन्यांत मी अण्णांना माझ्या बोटांचं जे सांगितलं तेवढं बोलणं आमच्यात आधी कधी झालं नव्हतं. मला तो काळ आवडत होता, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तो काळ चालू असताना त्यांच्या हातातल्या नसा एकेक करून मरत होत्या, हेही मला माहीत होतं. होळीपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं. ती सरळ होईनात. अण्णा दुसऱ्या हातानं ती ताणून ठेवत आणि सोडली की ती परत वळत. बेडकाची नस मी मिठाच्या पाण्यात तासभर जिवंत ठेवत होते. हे सगळं मला एकदम कळायचं ते दर सोमवारी, प्रयोगशाळेत.

वैशाखात लग्न झालं. कन्यादानाला बापाला ओंजळ धरावी लागते. अण्णांची ओंजळ होईना. उजव्या हाताची दोन्ही बोटं मिटलेली होती, पाणी खालून गळत होतं. आईनं पदराआडून आपला हात त्यांच्या हाताखाली लावला. भटजी मंत्र म्हणत राहिले. समोर तुमचे आजोबा उभे होते. त्यांनी ते गळणारं पाणी बघितलं, हे मी बघितलं.

आठ दिवसांनी साताऱ्यात त्यांनी विचारलं, "अण्णांच्या हाताला काय झालंय?"

मी म्हणाले, "पाक सांडला होता." आणखी पंधरा दिवस मी तेच धरून होते. मग एका संध्याकाळी सगळं सांगितलं. ते उठून खिडकीपाशी गेले. परत येऊन म्हणाले, "लग्नाआधी सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. आता उगाच मोठेपणा कशाला घेऊ? उद्या त्यांना घेऊन येतो."

ते गेले आणि अण्णांना घेऊन आले. साताऱ्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात तपासला. पांढऱ्या गोळ्या दिल्या, रोज एक, वर्षानुवर्षं घ्यायच्या. रोग थांबेल म्हणाले, दुसऱ्या कुणाला होणार नाही. हाताचं काही सांगता येत नाही. मी विचारलं, "जानेवारीत आलो असतो तर?"

त्यांनी कागदावरून मान वर केली. "जानेवारीत कळलं होतं?"

"हो."

त्यांनी दुसऱ्या रुग्णाला आत बोलावलं. जानेवारीत गेलो असतो तर हात वाचला असता की नाही, हे मला आजही माहीत नाही. नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. कधी वाचतो, कधी नाही, एवढंच त्यात आहे.

रोग थांबला. हात आला नाही. पुढच्या हंगामात अण्णांना कुणी बोलावलं नाही. आधी गुळामुळं बोलावलं नाही आणि मग गोळ्यांचं कळल्यामुळं. ज्या बागायतदारानं ढेप घरी आणून ठेवली होती तो वाटेत भेटला की सायकल दुसऱ्या बाजूला घ्यायचा. माझ्या सासूबाई अण्णांशी नेहमी गोड बोलल्या, पण त्यांची ताटली आणि पेला वेगळा ठेवला. अण्णा आमच्याकडं आले की जेवण झाल्यावर ती ताटली स्वतः धुऊन भिंतीशी पालथी घालून ठेवत. तीन बोटांनी धुवायला वेळ लागायचा. मी उठले की ते मानेनंच नको म्हणत.

दवाखान्यात त्यांना एक गोष्ट शिकवली होती. दुखत नाही, म्हणून बघायचं. रोज दिवेलागणीला उजेडात बसून तळहात, बोटांच्या मधल्या जागा, तळपाय बघायचे. काटा, भाजल्याची खूण, चिरलेली जागा. निरोप आतून येणार नाही, तो डोळ्यांनी आणायचा. आधी हे काम आईनं केलं. ती गेल्यावर अण्णा आमच्याकडं राहायला आले आणि मी करू लागले. तुमची आई तेव्हा दोन-तीन वर्षांची होती. तीही शेजारी बसून आपले हात पुढं करायची, म्हणून मी तिचेही बघायची.

एकदा असेच त्यांचे हात बघत होते. करंगळीच्या टोकाला उंदरानं कुरतडल्यासारखी लहानशी जखम होती. मी धुऊन पट्टी बांधत होते. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला तवा ठावं हुतं. थांबता यायचं न्हाई म्हनून."

मी पट्टी बांधायची थांबले. "हो."

"मलाबी," अण्णा म्हणाले. "तू बोलाया एवडा येळ लावलास तवाच कळालं." मग म्हणाले, "बांद, बांद. दिवा लावायचा हाय अजून."

पुढं कितीतरी वर्षं मी यावर विचार केला आहे. त्यांनाही कळलं होतं यानं माझं वाक्य खरं होत नाही. मी ते सांगितलं नसतं तर त्यांना ते ऐकून घ्यावं लागलं नसतं.

अण्णा गेले त्याला खूप वर्षं झाली. गावातलं गुऱ्हाळ बंद पडलं, काहील भंगारात गेली, चुलवण बुजवून तिथं ट्रॅक्टर लावतात. तुमचे आजोबाही गेले. तुमच्या आईला दिवेलागणीला हात बघायची सवय आहे, तिला कारण अर्धंच माहीत असलं तरी आहे. मी रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून माझे तळपाय बघते.

पायांना कळत नाही. हातांना अजून कळतं.